रकाना

सातपूरच्या पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर
माझ्याकडे आलं पेन ड्राइव्हवर,
सोबत बच्छाव सरांची चिठ्ठी:
'फक्त रंग बदलून द्या, बाकी सगळं चालतंय.'

मी तक्ता उघडला.
सभासद क्रमांक, नाव, खातं,
आणि चौथ्या रकान्यात, उघड्यावर,
अकराशे बेचाळीस लोकांचे पासवर्ड.

वाचू नये हे कळत होतं.
दुसऱ्याच्या दोरीवरचे कपडे न्याहाळू नयेत, तसं.
तरी नजर गेली.
कुणाचा ट्रॅक्टरचा नंबर.
कुणा एकीची सासूला दिलेली शिवी, पुढे १२३.
तिघा सख्ख्या भावांचा एकच, आईचं नाव,
आणि हे तिघांनाही एकमेकांचं ठाऊक नसावं.
आणि अंबडच्या कारखान्यावर रात्रपाळीला असणाऱ्या
दौलत अहिररावांचा:
सुमनपरतये
सगळं जोडून, मधे श्वासालाही जागा नाही.

लॅपटॉप मिटला. गंगापूर रोडला चहा प्यायले.
टपरीवाल्याला सुटे देताना वाटलं,
ह्याचाही असेल त्यात.

वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, एकतीस वर्षं.
दिवसभर नोटा मोजायचे.
किती मोजल्या, विचारलं तर म्हणायचे,
'आज भाजी काय आहे?'
फाटकावर रोज झडती.
त्याबद्दल मात्र एकदा बोलले होते:
चांगला तपासनीस तो,
ज्याच्या हातांवरून काही कळत नाही.
पहिल्याच खिशात काही सापडलं
तरी शेवटच्या खिशापर्यंत तो त्याच चालीनं जातो.
मधेच थांबला
की मागच्या रांगेला समजतं, कुठे काय होतं.

त्या रात्री मी तेच लिहीत बसले.
पहिलं अक्षर चुकलं तरी
शेवटचं येईपर्यंत पडताळणी चालू.
नकार सगळ्यांना सारखाच:
नाव किंवा पासवर्ड चुकीचा.
दोन्हींपैकी कुठलं, ते नाही सांगायचं.
हे नाव आमच्या वहीत आहे की नाही, तेही नाही.

मग मीठ.
आमच्या धंद्यात खरंच मीठ म्हणतात त्याला.
प्रत्येकाच्या दाण्यात वेगळी चिमूट;
त्या तीन भावांची आई आता
तीन अनोळखी बायका दिसते.
आणि मग दळण, मुद्दाम सावकाश,
हजारदा, पुन्हा हजारदा,
चोरानं एकेक अंदाज करून बघायचा म्हटला
तर त्यालाही प्रत्येक वेळी जातं ओढावं लागेल.
पिंपळगावच्या शेडमध्ये बेदाणे बघितलेत?
पाण्यात घाला, फुगतील.
द्राक्षं होणार नाहीत.

बच्छाव सर फोनवर:
'पण मॅडम, कुणी विसरला तर सांगायचा कसा?'
सांगायचा नाही. नवा करायला लावायचा.
'म्हणजे तुम्हालाही दिसणार नाही?'
मलाही.
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
'हे बिलात धरलंय का?'

पहाटे साडेतीनला चौथा रकाना कोरा झाला.
जुन्या प्रती पुसल्या,
पेन ड्राइव्ह पक्कडीनं मोडला.
माझ्या डोक्यात राहिलंय
ते पुसायची आज्ञा मला येत नाही.

सहा वाजून बारा मिनिटांनी
दौलतरावांच्या नावानं कुणी दार वाजवलं.
एकदा चुकलं. पाळी सुटल्यावर
डिसेंबरात बोटं वळत नसतील.
दुसऱ्यांदा टाइप झालं,
मीठ पडलं, दळलं गेलं,
पिठाला पीठ लावून बघितलं, शेवटच्या कणापर्यंत.
नोंदीत उमटलं एवढंच: जुळलं.
काय जुळलं, ते नोंदीला माहीत नाही.

वडील उठून चहा ठेवत होते.
'रात्रभर काय करत होतीस?'
मी दुधाचं पातेलं त्यांच्या हाताशी सरकवलं.
म्हटलं, आज भाजी काय आणू?